आमच्या अंगणात मरणारा पॅरिसकर

तो आमच्या अंगणात पहिल्यांदा मेला तेव्हा माझ्या हातातली परात पडली आणि भिजवलेली कणीक मातीत गेली. धिप्पाड गोरा माणूस, भर वैशाखात अंगात काळा मखमली कोट. छाती दाबून धरत तुळशीच्या कुंडीपाशी आला, माझ्याकडे बघत गुडघ्यांवर बसला, मग डाव्या कुशीवर कलंडला. एक हात पुढे ताणला, त्याची बोटं एकेक करून मिटली आणि सगळं गप्प. मी किंचाळले. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. आणि आमचे हे? हे दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते! मेलेला माणूस उठला, कोटाची माती झटकली, कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मादाम, मैं फ्रान्स का आर्टिस्ट." मी मनात म्हटलं, आर्टिस्ट गेला खड्ड्यात, माझी कणीक कोण भरून देणार?

स्वातंत्र्य मिळून चार-दोन वर्षं झाली होती. आम्ही अंबरनाथ पश्चिमेला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. हे तिथल्या स्टोअरमध्ये कारकून, आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळाचे नायक. त्या भागात यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनियर आला होता. त्याने या माणसाला मुंबईत कुठेतरी पाहिलं आणि आपल्या बंगल्यामागच्या खोलीत आसरा दिला. यंत्रं बसली, इंजिनियर आपल्या देशी गेला, हा मात्र गेला नाही. बंगल्यात नवे साहेब आले त्यांना वाटलं, हा बंगल्याबरोबरच मिळतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी असा डोळ्यांनी पाहिला. त्याचं खरं नाव भलं लांबलचक होतं, नाकातून निघून घशात जाणारं. ते कोणाला म्हणता येईना, म्हणून मंडळातल्या पोरांनी त्याला 'पॅरिसकर' करून टाकलं. बदलापूरचे बदलापूरकर, तसे पॅरिसचे पॅरिसकर. मी त्याला घरात 'तो मेला' म्हणत असे, आणि त्याच्या बाबतीत ती शिवीसुद्धा नव्हती.

जेवायची वेळ त्याला अचूक कळायची. आमच्याकडे पाटपाणी झालं की फाटकाची कडी वाजलीच. "मादाम, इधर से जाता था," असं म्हणायचा. रोज इकडूनच कसा जायचा कोण जाणे, आमच्या क्वार्टरच्या पुढे तर नुसता माळ होता. मग पाटावर बसता येत नाही म्हणून भिंतीला टेकून पाय पसरायचा आणि वरणभात असा खायचा की जावयाने लाजावं. एकदा मी यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "काही माणसांना मागायची लाजच नसते." यांनी त्याला ते हिंदीत सांगितलं की काय देव जाणे, पण तो अजिबात न रागावता म्हणाला, "मादाम, आर्टिस्ट रोटी मांगता नहीं. आर्टिस्ट को रोटी दिया जाता है." आणि ताट पुढे केलं. खायला काळ आणि भुईला भार! पण सांगते, माझ्या हातच्या आमटीला 'छान' म्हणणारा त्या घरात तो एकटाच होता. यांचं लक्ष कुठे असायचं जेवणात? यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे.

जेवण झालं की तो आपली कर्मकथा सांगायचा. मुंबईच्या स्टुडिओत शिकलेली हिंदी, त्यात इंग्रजीचं मिश्रण. कधी बाप वकील असायचा, कधी आरमारात कप्तान, तर कधी कुठल्याशा गावात खाटीक. मी चुलीपाशी बसून ऐकायचे आणि म्हणायचे, उचलली जीभ लावली टाळ्याला. मग एक दिवस माझ्या माहेराहून, बदलापूरहून, भला थोरला फणस आला. कापायला घरात कोणी नाही, हे कारखान्यात. पॅरिसकरांनी बाह्या सरसावल्या, सुरी हातात घेतली, फणसावरून एकदा अंगठा फिरवला आणि असा नेमका उभा-आडवा उलगडला की एक गरा चिरला गेला नाही. तेव्हा मला कळलं, बाप खाटीकच. वकील आणि कप्तान या थापा. त्यानंतर तो कप्तानाची गोष्ट सांगायला लागला की मी यांच्याकडे बघून सुरीसारखं बोट फिरवायचे.

फणस फोडता फोडता जे सांगितलं ते मात्र खरं असावं. सोळाव्या वर्षी बापाचं दुकान सोडून एका फिरत्या नाटकवाल्यांबरोबर पळाला. लग्न केलं, बायकोला मागे टाकून पॅरिसला गेला. तिथे कित्येक वर्षं नोकराच्या भूमिका, ताट आणायचं आणि ताट न्यायचं. मग कोणी नट आजारी पडला आणि विष पिऊन मरायचं काम याच्याकडे आलं. तो असा मेला म्हणे, की त्यानंतर सगळ्या थिएटरवाल्यांनी त्याला मरायलाच बोलावलं. मुके सिनेमे आले, त्यांत तो बर्फात मेला, समुद्रात मेला, घोड्यांच्या टापांखाली मेला. पुढे सिनेमे बोलू लागले आणि याचं बिंग फुटलं. एवढा थोरला देह आणि आवाज कोंबडीच्या पिलाचा. तेव्हापासून त्याला सिनेमा सुरू होताच मारू लागले, म्हणजे बोलायचा प्रश्न नको. शेवटी एक नाटककंपनी पूर्वेकडच्या देशांत निघाली तिच्यात शिरला. युद्ध आलं, कंपनी मुंबईत मोडली आणि हा इथे अडकला. पण नशीब बघा कसं! देश स्वतंत्र झाला, देशभक्तीचे सिनेमे निघू लागले, त्यांना मारायला गोरा साहेब हवा. "मादाम, इंडिया आझाद हुआ, सबसे ज्यादा फायदा मेरे को हुआ," असं हसत सांगायचा. पुढे पोट सुटलं, घोड्यावर बसेना, मग तेही काम गेलं.

असला हा माणूस आमच्या मंडळाचा गुरू झाला. तालमी शाळेच्या वर्गात चालायच्या. हा बाकावर डोळे मिटून बसायचा. मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मध्येच हात वर करून म्हणायचा, "स्टॉप. ये झूठ बोला." कोणी विचारलं, साहेब, तुम्हाला भाषा येत नाही, मग कसं कळलं, तर म्हणायचा, "मराठी नहीं समझता. झूठ समझता." मी म्हणायचे, दुसऱ्याचं खोटं एवढं कळतं तर स्वतःच्या थापा कशा कळत नाहीत? पूर्ण एक महिना त्याने मंडळींना नुसतं चालायला लावलं. आमचे हे घरातसुद्धा मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत राजासारखे चालायला लागले. धाकटी विचारायची, "आई, बाबांचा पाय दुखतो का गं?"

एक गोष्ट मात्र त्याला आपल्या लोकांची अजिबात पटत नसे. आपल्याकडे नाटकात पद रंगलं की वन्स मोअर मिळतो. जुन्या नाटकांत तर मेलेला नायकसुद्धा वन्स मोअर आला की उठून पुन्हा पद म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. माझ्या वडिलांनी हे पाहिलेलं होतं आणि ते मोठ्या कौतुकाने सांगायचे. पॅरिसकरांना यांनी हे सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "हमारे यहां ताली मिलता है. मुर्दा नहीं उठता. मुर्दा उठेगा तो सब झूठ," म्हणाला. आयुष्यात इतक्यांदा मेलो पण पडदा पडायच्या आधी कधी उठलो नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा अभिमान. माणसाने अभिमान तरी कशाचा धरावा!

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मुश्यो म्हणतात, माझ्यात नट आहे." मुश्यो म्हणजे हाच, हे त्याला असं मानाने म्हणायचे. मी म्हटलं, "असेल. कारखान्यात त्याला सुट्टी देऊ नका." पण यांच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं. मुंबईच्या एका नाटककंपनीचे मालक आमच्या गणेशोत्सवातलं नाटक बघायला येणार होते. त्यांना काम आवडलं तर कंपनीत घेणार. आणि घेतलं तर हे दुसऱ्याच दिवशी राजीनामा देणार. सगळं ठरलं होतं, मला फक्त सांगायचं बाकी होतं. मी विचारलं, "क्वार्टर?" तर म्हणाले, "सोडायची." "आणि पोरी?" "त्यांना काय, आपल्याबरोबर." कंपनी आज नगरला, उद्या बेळगावला. दोन लहान मुली, बिऱ्हाड पाठीवर आणि नवरा रंगाच्या डबीत! सगळी सोंगं आणता येतात हो, पैशाचं आणता येत नाही. मी त्या रात्री जेवले नाही. यांना ते कळलंसुद्धा नाही, हे पाठांतर करत होते.

शेवटी माझा मीच धीर केला. हे कामावर गेले, मुलींना काकूंकडे ठेवलं आणि पॅरिसकरांच्या खोलीवर गेले. तोंड गोड करायला डब्यात बेसनाचे लाडू. हा आरशासमोर बसून कंदिलाच्या काजळीने कल्ले काळे करत होता. खोलीत एक खाट, एक पेटी आणि भिंतीभर फोटो. मी बघत राहिले. सगळे फोटो याचेच आणि सगळ्यांत हा मेलेला. कुठे जिन्यावर आडवा, कुठे कोणा बाईच्या मांडीवर डोकं ठेवून, कुठे पाण्याच्या काठाला. इतकं आयुष्य गेलं माणसाचं आणि जिवंतपणीचा एक फोटो नाही! मला क्षणभर कीव आली, पण मी कामासाठी आले होते.

मी पदर पसरला. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतात. नोकरी मत छोडो बोला. दोन लडकी आहे माझी." तो बराच वेळ काजळी बोटांवर घासत बसला. मग म्हणाला, "मादाम, मैं किसी को नहीं बोलेगा, अ‍ॅक्टर मत बन. मेरे को बहुत लोग बोला. मेरी औरत बोली. रोयी."

"मग?"

"मैं चला गया."

"आणि ती?"

"मालूम नहीं. अच्छी थी. सूप अच्छा बनाती थी," एवढं बोलून त्याने माझ्या डब्यातला लाडू उचलून तोंडात टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायको टाकली ती टाकली, आठवण कसली, तर सुपाची! मी डबा तिथेच ठेवून निघाले. मागून म्हणाला, "मादाम, ये बात आपके साहब को मैं नहीं बोलेगा." मी म्हटलं, बोल नाहीतर नको बोलूस, तुझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे.

नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं होतं. जुलमी गोरा कलेक्टर आणि त्याला गोळी घालणारा गावचा तरुण. कलेक्टर अर्थात पॅरिसकर. "इंग्लिशमन मरता है? बहुत अच्छा. मैं बहुत खुशी से मरेगा," म्हणाला. कलेक्टर पडला की त्याच्या प्रेतापुढे उभं राहून यांचं लांबलचक भाषण. सबंध नाटक त्या भाषणासाठी लिहिलं होतं, आणि मालकही तेच ऐकायला येणार होते. कलेक्टरचा लाल कोट शिवायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे एक सिंधी मास्टर होता, फाळणीत सगळं टाकून आलेला, पण हात सोन्याचा. याचं पोट बघूनच त्याने टेप खाली ठेवली. याच्या मागण्या संपेनात. डावीकडे कापूस भर, मी डावीकडे पडतो. खांद्यात ढिला ठेव, हात ताणायचा असतो. आणि तिथेच दुकानासमोर पडून दाखवलं. बाजार गोळा झाला. मास्टरने सुई तोंडातून काढली आणि सिंधीत ताईला मारतात तशी हाक मारून मला म्हणाला, "अदी, हम लोग मरने से भागके इधर आया, और ये साहब मरने की प्रॅक्टिस करता है!" इतकं खरं बोलणारा माणूस मी त्या दिवसांत दुसरा पाहिला नाही.

नाटकाचा दिवस उजाडला. मालकांना परत मुंबईला जायचं म्हणून उजेड असतानाच नारळ फोडला आणि पडदा वर गेला. शाळेचं मैदान गच्च. पालेगावची शेतकरी मंडळी घोंगड्या पसरून बसलेली, बदलापूरहून माझे भाऊ आलेले, कॅम्पातले सिंधी तर कोट कसा दिसतो ते बघायलाच आले होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर मालक, पान चघळत. मी बायकांत बसले होते आणि खरं सांगते, मी देवाला नवस बोलत होते की यांना शब्द आठवू नये. बायकोने करावा असा नवस आहे का हा? पण केला.

यांनी काम चांगलं केलं. चांगलंच. मालक दोनदा पुढे झुकले. आणि मग तो प्रसंग आला. यांनी पिस्तूल रोखलं, विंगेत कोणीतरी दिवाळीची टिकली फोडली आणि कलेक्टर पडला.

पडला म्हणजे काय सांगू? आमच्या अंगणात तो वरणभातासाठी मरायचा, ते वेगळं. इथे तो आधी मेलाच नाही. आपल्याला गोळी लागली यावर त्याचा विश्वासच बसला नाही. कोटाचं बटण नीट लावू लागला. बटण लागेना. मग त्याने यांच्याकडे असं पाहिलं की, अरे, एवढं बटण लावून दे रे. आणि पाहता पाहता खाली बसला, आणि गेला. मैदानात पाखरू फडफडलेलं ऐकू आलं असतं. माझ्या शेजारी पालेगावची एक म्हातारी होती, ती म्हणाली, "आगं बाय, गेला की गं बिचारा!" कलेक्टर म्हणजे आमचा शत्रू, आणि आम्ही बायका डोळ्यांना पदर लावून बसलो.

मग कुठूनतरी आरोळी आली, "वन्स मोअर!" आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. नुसत्या मरण्याला वन्स मोअर हा मी जन्मात पहिल्यांदाच ऐकला. तो हलला नाही. हे तसेच उभे, पिस्तूल हातात. यांचे ओठ हलले, मला वाटलं भाषण सुरू झालं, पण गलक्यात ऐकू काहीच आलं नाही. आणि प्रेत उठलं! उठलं, कोट झटकला, आपल्या जागी जाऊन उभं राहिलं आणि यांना मानेने खूण केली, मार. यांनी पुन्हा मारला. या वेळी तो वेगळाच मेला, चिडून, शिव्या दिल्यासारखा. पुन्हा आरोळ्या, पुन्हा उठला, पुन्हा मेला. तिसऱ्यांदा तर तो हसत मेला आणि त्याच्याबरोबर सगळे लोक हसले, मालक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागले. आता त्या गोंधळात कसलं भाषण आणि कसलं काय! यांनी दोन वाक्यं म्हटली असतील, पोरं मध्येच ओरडली, "गोरा उठव रे!" आणि कोणीतरी पडदा पाडला.

मालक रंगपटात गेले ते थेट पॅरिसकरांकडे. त्याचा हात हातात धरून म्हणाले, "याला मराठी येत असतं तर आत्ता घेऊन गेलो असतो." मग यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तुमचंही ठीक आहे. पण नोकरी सांभाळा." झालं. एवढ्या एका वाक्यात माझं घर वाचलं. मी रंगपटाबाहेर अंधारात उभी होते, तिथूनच गणपतीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी हे डबा घेऊन कामावर गेले. तालमीला गेले नाहीत. मंडळाची मुलं बोलवायला आली तर म्हणाले, "बघू." ते बघू पुढे कधी बघितलंच नाही. पॅरिसकरही जेवायला येईना. फाटकाची कडी वाजेना. मला वाटायचं, बरं झालं, ब्याद गेली. तरी भात लावताना मूठभर जास्त पडायचा, हात ऐकत नव्हता.

आणि माझ्या मनात एक वेगळंच सुरू झालं. मुर्दा उठत नाही असं म्हणणारा माणूस उठला कसा? तेही दोनदा? मी गेले होते पदर पसरून, तोंडाने नाही म्हणाला, पण करून दाखवलं. माझ्यासाठी, माझ्या पोरींसाठी त्याने आपला तेवढा एक अभिमान मोडला. असा विचार करून करून माझ्या मनातला त्याचा सगळा राग विरघळत आला. त्याच सुमारास कळलं की त्याला त्याच्या वकिलातीने बोटीचं तिकीट काढून दिलं आहे, तो फ्रान्सला परत चालला आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो निरोपाला आला. हे मुद्दाम लवकर कामावर गेले होते. मी पुन्हा लाडू बांधून ठेवले होते. दारातच म्हटलं, "साहेब, तुमचे उपकार झाले. तुम्ही मेरे वास्ते उठले ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काजळी न लावल्यामुळे कल्ले पांढरे दिसत होते. म्हणाला, "नहीं मादाम. पब्लिक बुलाया, मैं उठ गया. कुत्ते को सीटी मारो, कुत्ता आता है."

"पण तुम्हीच म्हणायचे, मुर्दा उठत नाही..."

"मैं बहुत कुछ बोलता," म्हणाला आणि लाडवांची पुरचुंडी कोटाच्या खिशात कोंबली.

काय म्हणावं या माणसाला! आयुष्यभर खोटं खाल्लं, खोटं ल्याला, खोटं मेला, आणि जिथे एका खोट्याने माझ्या मनात देव झाला असता तिथे मेल्याला खोटं बोलता आलं नाही. टांग्यात बसला, वाकून नमस्कार केला, गेला. मी दार लावून घेतलं ते धाडकन लावलं. पुढे त्याचं काय झालं कोणाला कळलं नाही.

त्यानंतर मी त्याला शिव्या दिल्या त्याला सुमार नाही. घरात कोणी आयतं खाल्लं की पॅरिसकर, कोणी थाप मारली की पॅरिसकर. मुली मोठ्या झाल्या, त्यांच्या तोंडीही तोच शब्द बसला. हे नोकरीतून निवृत्त झाले, आम्ही बदलापूरला छोटं घर बांधलं. एक दिवस जावयांसमोर मी नेहमीसारखी सुरू झाले, तो फुकट्या कसा टाळ्यांच्या हव्यासाने दोनदा उठला आणि यांचं भाषण कसं खाल्लं. जावई हसत हसत बाहेर गेले. हे शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तो उठत नव्हता."

"म्हणजे?"

"लोक ओरडत होते आणि तो डोळा किलकिला करून मला सांगत होता, बोल, भाषण सुरू कर. मीच त्याला म्हटलं, उठा. दोन्ही वेळा मीच म्हटलं."

"अहो, पण का?"

"मला पुन्हा बघायचं होतं." पुढची शेंग सोलत म्हणाले, "ते बटण लावताना मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. ते बघितल्यावर माझं भाषण माझ्या तोंडून निघेना. कळलं, की हे आपलं काम नव्हे. मालकांच्या आधी कळलं. त्याला मी शपथ घातली होती, तुला सांगू नकोस म्हणून. मी भिऊन नोकरी धरून बसलो असं तुला वाटलं असतं तर..."

"अहो, मी त्याच्या दारात पदर पसरून आले होते, तुम्हाला अडवा म्हणून," माझ्या तोंडून निघून गेलं.

यांनी शेंग खाली ठेवली. "कधी?"

म्हणजे त्या मेल्याने माझं यांना आणि यांचं मला कधीच सांगितलं नव्हतं. मला त्याचं ते "नहीं मादाम" आठवलं. माझ्या तोंडात नेहमीची शिवी येऊन थांबली होती. मी ती कितीदा तरी द्यायचा प्रयत्न केला. मग उठले, आत जाऊन चुलीपुढे बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.